शकूसिस्टरांनी तोडलेलं कुलूप

शकूसिस्टर सकाळी नेहमीसारख्या दवाखान्यावर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. दाराला कुलूप होतं. नुसतं कुलूप असतं तर त्यांनी पिशवीतली किल्ली काढली असती. पण हे कुलूप त्यांचं नव्हतं. त्याच्यावर पांढरं फडकं गुंडाळून गाठीवर लाल लाख ओतली होती. भिंतीवर छापील नोटीस डकवलेली होती. आणि दाराशेजारी खाकी कपड्यांत, हातात काठी घेऊन जो माणूस ताठ उभा होता, तो त्यांचा नवरा होता.

"आवं, हे काय?"

जोतिबा समोरच्या चिंचेकडं बघत राहिले. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेलेला माणूस. पहाऱ्यावर उभं राहिल्यावर नजर कुठं ठेवायची हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

"बँकेनं सील केलंय," ते म्हणाले. "आत कुणाला सोडायचं न्हाई."

"मला बी?"

"कुणालाच न्हाई."

"आन् तुमी हितं कसं?"

"ड्युटी हाय."

पहाटे शकूसिस्टरांनीच त्यांना डबा बांधून दिला होता. आज कुठं, असं विचारल्यावर 'एजन्सीनं नवीन पॉइंट दिलाय' एवढंच ते बोलले होते. दवाखाना हा नवीन पॉइंट असेल हे कुणाच्या ध्यानीमनी येणार?

"तुमाला कवा कळलं?"

"काल."

"काल कळलं, आन् एका घरात राहून मला सांगितलं न्हाई?"

"सांगायचं न्हाई असा हुकूम हुता."

शकूसिस्टरांनी पिशवी खाली ठेवली. त्या पायरीवर बसल्या. त्याच पायरीवर त्यांनी किती बायकांना हाताला धरून आत नेलं होतं, आणि आता आपल्याला आत जायला नवऱ्याची बंदी, हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

हिंगणवाडी हे पलूसपासून आत, येरळेच्या काठावरचं गाव. गावाला रूप आणलं ते येरळामाई सहकारी साखर कारखान्यानं. कारखाना उभा करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळा टापू अण्णा म्हणायचा. अण्णांनी दारोदार फिरून शेअर गोळा केले, माळावर धुराडं उभं केलं, आणि धुराड्याच्या पाठोपाठ शाळा आली, दवाखाना आला, नदीचं पाणी पाइपातनं गावात आलं. रस्त्याला खड्डा पडला की कारखान्याचा रोलर यायचा. चौकातले दिवे कारखान्याच्या विजेवर जळायचे. ग्रामपंचायतीची तिजोरी कारखान्याच्या करावर चालायची. यातलं सरकारचं काय, कारखान्याचं काय आणि गावाचं काय, हे विचारायची कुणाला कधी गरज पडली नव्हती.

शकुंतला फडतरे लोणंदच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. साताऱ्याला नर्सिंग शिकल्या, लग्न होऊन हिंगणवाडीला आल्या आणि कारखान्याच्या दवाखान्यात लागल्या त्या तिथल्याच झाल्या. जोतिबा सीमेवर असायचे, सासू खाटेला खिळलेली, पदरात अश्लेषा. तरी हाक आली की सिस्टर निघाल्याच. पुढं अश्लेषाचं लग्न होऊन ती आष्ट्याला गेली, जोतिबा पेन्शन घेऊन घरी आले, आणि दवाखान्यात जन्मलेल्या पोरी तिथंच बाळंतपणाला यायला लागल्या.

मग एका हंगामात कारखान्याचा भोंगा झालाच नाही. लोक म्हणाले, बॉयलरचं काहीतरी असेल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ऊस दुसऱ्या कारखान्यांना जायला लागला. अण्णा केव्हाच वारले होते. त्यांचे नातू धैर्यशीलदादा चेअरमन होते. ते सभेत म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी चौकातले दिवे गेले. मग पाइपातलं पाणी गेलं आणि बायका बोअरवर रांगा लावायला लागल्या. करच येईना म्हटल्यावर ग्रामपंचायतीनं गटारं काढायचं बंद केलं. ओढ्यावरचा रस्ता असा उखडला की मोटारसायकलवर मागं बसलेली बाई उतरून चालायची. दवाखान्याचे डॉक्टर सांगलीला निघून गेले. राहिल्या शकूसिस्टर आणि आया म्हणून काम करणारी शालूबाई. पगार झाला तर झाला. घर पेन्शनवर आणि जोतिबांच्या सिक्युरिटीच्या नोकरीवर चालायचं. शकूसिस्टर म्हणायच्या, "दार उघडं हाय तवर दवाखाना हाय."

आणि आता ते दारच बंद झालं होतं. नोटिशीत लिहिलं होतं ते शालूबाईनं दोनदा वाचून घेतलं तरी तिला पटेना. कारखान्याच्या थकलेल्या कर्जापोटी जमीन आणि तिच्यावरचं सगळं बांधकाम बँकेनं ताब्यात घेतलं होतं.

"पर दवाखान्यानं कुटं कर्ज काढलं हुतं?" शालूबाई विचारत होती.

शकूसिस्टर घरी गेल्या नाहीत. चिंचेखाली बसून राहिल्या. कुणी ड्रेसिंगला आलं, कुणी साखर तपासायला आलं. सगळ्यांना त्या हातानं दार दाखवायच्या. दुपारी जोतिबांनी डबा उघडला, अर्धी भाकरी कागदावर काढून त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी हात लावला नाही.

ऊन कलायच्या आत तात्याबांची पिकअप गाडी हॉर्न वाजवत आवारात शिरली. तात्याबा माळी गावातलेच, भाजीपाल्याची ने-आण करणारे. मागच्या हौद्यात गोधडीवर त्यांची सून पूजा होती, आणि तिच्या तोंडावरचा घाम बघूनच शकूसिस्टर उठल्या.

"पलूसला चाललो हुतो," तात्याबा गाडीतून उडी टाकत म्हणाले. "ओढ्याजवळ उसाचा ट्रॅक्टर उलटलाय. दोन्ही ट्रॉल्या बी. समदा रस्ता उसानं भरलाय. अॅम्ब्युलन्स पलीकडं उभी हाय, आमी अलीकडं. पोरगा शिवतेज तकडं काश्मिरात, पलटणीत. सिस्टर, तुमीच बघा."

शकूसिस्टर हौद्यात चढल्या. पूजाला तपासलं. बाळ अगदी खाली आलं होतं आणि पाणी हिरवट गेलं होतं. म्हणजे बाळानं पोटातच घाण केलेली. ते जन्मल्यावर रडलं नाही तर छातीत हवा भरायला पिशवी लागणार, घसा साफ करायला नळी लागणार. दोन्ही वस्तू आत होत्या. कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, डोळे मिटून सांगता आलं असतं. पण मधे ते दार होतं.

त्या खाली उतरल्या. "कुलूप काढा."

"किल्ली माझ्याकडं न्हाई," जोतिबा म्हणाले. "बँकेच्या साहेबाकडं हाय."

"मग साहेबाला फोन लावा."

जोतिबांनी फोन लावला. पलीकडून काय आलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरलेला सगळ्यांनी बघितला. "न्हाई म्हणत्यात. सीलला हात लावला तर केस हुईल म्हणत्यात."

हौद्यातून पूजाची किंकाळी आली. तात्याबा नुसतेच गोल फिरत होते. शकूसिस्टरांनी गाडीच्या सीटमागं हात घातला, चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि पायऱ्या चढून नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा."

जोतिबा हलले नाहीत. "शकू, मी हितनं हाललो तर पहारा सोडल्यासारखं हुईल."

"मग नका हालू. हितंच उभं ऱ्हावा."

आणि त्यांच्या खांद्याशेजारून शकूसिस्टरांनी पहिला घाव घातला. लाखेचे तुकडे जोतिबांच्या बुटावर पडले. दुसऱ्या घावाला कडी चौकटीतून निम्मी उचकटली. जोतिबा तसेच ताठ, नजर चिंचेकडं, हातातली काठी सरळ. तिसऱ्या घावाला दार आत गेलं. जमलेले पाचपंचवीस लोक दोन पावलं मागं सरले. सिस्टरबाईंना कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्या हातात टॉमी!

आत वीज तोडलेली. शालूबाईनं खिडक्या उघडल्या. पूजाला टेबलावर घेतलं आणि काही वेळातच बाळ आलं. निळं, चिंधीसारखं मऊ, आवाज नाही. शकूसिस्टरांनी त्याला पुसलं, घसा साफ केला, पाठ चोळली. काही नाही. त्यांनी तोंडावर मुखवटा दाबून पिशवी दाबायला सुरुवात केली. इवलीशी छाती वर व्हायची, खाली व्हायची, पण ती त्यांच्या हातानं. बाळाची म्हणून काही हालचाल नव्हती. शालूबाई कोपऱ्यात जोतिबाच्या नावानं हात जोडून बसली होती. डोंगरावरच्या जोतिबाच्या, दारातल्या नव्हे. मग बाळानं एक उचकी दिली. ओठ जरा गुलाबी झाले. आणि ते असं रडलं की बाहेर तात्याबा मटकन खाली बसले.

पूजाचं रक्त थांबायला वेळ लागला. विजेअभावी फ्रिज कोमट झाला होता. त्यातलं इंजेक्शन लागू पडेल का नाही, शकूसिस्टरांना खात्री नव्हती. त्यांनी ते दिलं, एका हातानं पोट चोळत राहिल्या आणि मनात नुसतं 'थांब गं बाई' म्हणत राहिल्या. रक्त थांबलं. त्यांनी सवयीनं हात धुवायला नळ सोडला, पण नळाला पाणी नव्हतं.

दिवस मावळायच्या आधी रस्त्यावरचा ऊस बाजूला झाला आणि अॅम्ब्युलन्स आली. पूजा आणि बाळ पलूसला गेले. अॅम्ब्युलन्सच्या मागोमागच बँकेचे साहेब आणि एक हवालदार आले.

"सील कुणी तोडलं?" हवालदारानं विचारलं.

गर्दीतून आवाज आले. "आमी समद्यांनी तोडलं!" "दार उघडंच हुतं की!" "लिवा, गावानं तोडलं!"

हवालदार जोतिबांकडं वळला. "तुम्ही ड्युटीवर होता ना? तुम्ही सांगा."

शकूसिस्टर दारात रक्तानं भरलेल्या साडीत उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता हे गप्प बसतील. फार तर म्हणतील, मी जेवायला गेलो होतो.

"शकुंतला जोतिबा फडतरे यांनी तोडलं," जोतिबा म्हणाले. "लोखंडी टॉमीनं. माझ्यासमोर."

कुणीतरी "आरं तिच्या" म्हणालं. शालूबाईनं तोंडावर पदर घेतला. शकूसिस्टरांना कानात नुसतं सुं ऐकू येत होतं. नवरा बोलतोय आणि पोलीस आपलं नाव लिहून घेतोय, हे त्या जणू दुसऱ्या कुणाच्या बाबतीत बघत होत्या.

"आन् मी अडवलं न्हाई," जोतिबा पुढं म्हणाले. "अडवता आलं असतं. अडवलं न्हाई. ते बी लिवा."

साहेबांनी जोतिबांना तिथल्या तिथं ड्युटीवरून कमी केलं. कडी चौकटीतून निघालेली असल्यानं त्या संध्याकाळी कुलूप लावायची सोय नव्हती. सकाळी सुतार घेऊन येतो, असं सांगून ते गेले. जोतिबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि चालत घरी निघाले. शकूसिस्टर त्यांच्या बऱ्याच मागून चालत होत्या. घरात त्या रात्री चूल पेटली नाही.

सकाळी शालूबाई धापा टाकत आली. "बाई, चला. बघवंना तितलं."

दवाखाना रिकामा होता.

खाटा नव्हत्या. पंखे नव्हते, छताला नुसते हूक लोंबत होते. सलाइनचे स्टँड, औषधांची कपाटं, डॉक्टरांची खुर्ची, बाळं तोलायचा काटा, काही नव्हतं. भिंतीतले नळ पिळून काढले होते. विजेची बटणं पाट्यांसकट उचकटली होती. खिडक्यांचे पडदे त्यांच्या सळ्यांसकट गेले होते. बाळंतपणाचं टेबल जड. ते लोकांनी दारापर्यंत ओढलं होतं आणि दारातून निघेना तसं तिथंच टाकलं होतं, एक पाय मोडून. आदल्या दिवशी त्याच टेबलावर एक जीव जगात आला होता.

चोर बाहेरचे म्हणावेत तर बाहेरच्यांना हे सगळं न्यायला ट्रक लागला असता. मातीत हातगाड्यांची चाकं उमटली होती आणि ती सगळी गावाकडं वळलेली होती.

शकूसिस्टरांना रडू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच येत होतं: ही सगळी माझी माणसं. ज्यांना मी पहिल्यांदा उलटं धरून पाठीत थोपटलं ती.

पूजाची खबर घ्यायची म्हणून त्या तात्याबांच्या घरी गेल्या. ओसरीवर हिरव्या रंगाची लोखंडी खाट होती. पायाशी कारखान्याचं नाव रंगवलेलं होतं.

तात्याबांनी आधी नजर चुकवली. मग तेच बोलायला लागले. "पूजा बरी हाय. बाळ बी बरं हाय. परवा सोडत्यात."

"ही खाट, तात्याबा?"

"आमचीच हाय की ती." तात्याबांचा आवाज चढला. "माझ्या बानं म्हस इकून कारखान्याचा शेअर घेतला हुता, सिस्टर. जिती म्हस. अण्णा सोता दारात आलं हुतं, म्हणालं, हे समदं तुमचंच हाय. आज बँक येती, म्हणती समदं आमचं. मंग आमचं काय? एक खाट बी न्हाई? सून यील, तिला निजाय नको व्हय?"

"ज्या टेबलावर तुमची सून बाळंत झाली, त्याचा पाय मोडून ते दारात पडलंय."

तात्याबांनी खाटेच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्यो आमी न्हाई मोडला."

शकूसिस्टर ओसरीवरून उतरल्या. चिडावं म्हटलं तर माणूस खोटं बोलत नव्हता. त्या परत आल्या तर शालूबाई त्यांच्या दारात उभी. हातात पडद्यांची गठडी.

"मी न्हेलं नसतं तर दुसऱ्या कुणी न्हेलं असतं, बाई," ती म्हणाली आणि गठडी खाली टाकून हमसून रडायला लागली.

दुपारी हवालदार पुन्हा आला. दार फोडल्यामुळं चोरी झाली, त्यामुळं तेही सिस्टरांच्याच नावावर चढेल, असं त्यानं वाईट वाटून सांगितलं. तो गेल्यावर जोतिबा, जे कालपासून बोलले नव्हते, उठले आणि चपला घालायला लागले.

"चल," ते म्हणाले. "गोळा करू."

"कुणासाठी? बँकेसाठी?"

"तुझ्या नावासाठी."

"काल तुमीच दिलं की माझं नाव."

जोतिबा उंबऱ्यावर बसले. "शकू, काल गाव खोटं बोलत हुतं. मी बी बोललो असतो तर तू जे केलंस ते चोरून केल्यागत झालं असतं. तू काय चोरी केली हुतीस?" ते जरा थांबले. "पर आदल्या दिशी सांगितलं न्हाई, ती माझी चूक. हुकूम हुता, तरी चूक. बायकोपासनं असलं लपवायचं न्हवतं मी."

शकूसिस्टरांनी पायात चपला सरकवल्या. आणि त्या त्यांच्याबरोबर निघाल्या.

हातगाडा घेऊन ते दोघं घरोघर फिरले. जोतिबा दारात जाऊन रामराम घालायचे आणि सरळ म्हणायचे, "दवाखान्याचं काय हाय ते द्या." काहींनी मान खाली घालून आणून दिलं. काहींनी दार लावून घेतलं. एकीच्या अंगणात सलाइनच्या स्टँडवर लुगडी वाळत होती. बाळं तोलायच्या काट्यात एका घरी कांदे होते. म्हातारीनं ते ओतून काटा पदरानं पुसून दिला. एक पोरगा पंखा देताना म्हणाला, "सिस्टर, आमाला वाटलं कुणीच परत मागाय येणार न्हाई." एका ठिकाणी मात्र नवरा अंगावर धावून आला. "बँकेची चाकरी करतासा व्हय रं?" जोतिबा त्याचंही ऐकून घेऊन पुढच्या दाराला गेले.

शेवटी ते धैर्यशीलदादांच्या मळ्यातल्या बंगल्यावर गेले. दादा हसत बाहेर आले, जोतिबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा जाहीर सत्कार करायचाय. गावाची लाज राखली तुम्ही." ते बोलत असताना बंगल्याच्या मागं जनरेटर धडधडत होता. शकूसिस्टर त्या आवाजानं चपापल्या. हा आवाज त्यांच्या कानाला पाठ होता. दवाखान्याचा जनरेटर दुरुस्तीला म्हणून गेला होता, कारखाना चालू असतानाच, आणि तो कधी परत आला नव्हता. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात त्यांनी टाके घातले होते.

"दादा, ह्यो जनरेटर..." जोतिबांनी विचारलं.

"बघू ना नंतर," दादा म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले. चहा येईपर्यंत ते दोघं थांबले नाहीत.

जमलेलं सामान ग्रामपंचायतीच्या पडवीत रचलं. निम्म्याच्या वर आलं होतं. बँकेचे साहेब आले, त्या ढिगाकडं बघितलं आणि त्यांना कळेचना की हे काय आहे.

"हे कशाला गोळा केलंत?" ते म्हणाले. "आमच्या मूल्यांकनात हे भंगारात धरलंय. शून्य. आम्हाला जागा पाहिजे होती हो. बिल्डिंग तर पाडायचीच आहे."

शकूसिस्टर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ज्याच्यासाठी गावातल्या दर दारात मान खाली घालायला लावली, ज्यापायी आपल्या माणसांशी कायमचं वाकडं घेतलं, ते साहेबांच्या हिशेबी शून्य होतं. खाटा शून्य. काटा शून्य. बाळाच्या छातीत हवा भरणारी ती पिशवीही त्यातच.

"मग ऱ्हाऊ दे का आमाला?" जोतिबांनी विचारलं.

"खुशाल ठेवा," साहेब म्हणाले. चोरीची तक्रार त्यांनी मागं घेतली. सील तोडल्याची मात्र घेतली नाही. ती वरून आलेली होती.

दवाखाना पाडायला यंत्र आलं तेव्हा गावातले बरेच लोक बघायला गेले. शकूसिस्टर गेल्या नाहीत. त्या आष्ट्याला लेकीकडं जाऊन राहिल्या. अश्लेषा म्हणाली, "आई, आता सोड की गाव. हितं दवाखान्यात जागा हाय." त्या विचार करते म्हणाल्या. आष्ट्याच्या दवाखान्याचं दारही बघून आल्या. पण तिथं विचारायला म्हणून आत गेल्या नाहीत.

खटला पलूसच्या कोर्टात चालला. तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवर जायचे. ती आरोपी, तो तिच्याविरुद्धचा साक्षीदार. न्यायाधीशबाईंनी जोतिबांना विचारलं, तेव्हा त्यांनी तेच सांगितलं, शब्दही न बदलता. शकूसिस्टरांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय, मीच तोडलं." वकिलांनी आधी बजावलं होतं तसं आणखी काही बोलल्या नाहीत. न्यायाधीशबाईंनी कागद पुन्हा चाळले, चष्मा काढून दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलं. म्हणजे पुन्हा असं करणार नाही, असं लिहून द्यायचं.

सही करताना शकूसिस्टरांचा हात थांबला. "पुना अशीच कुणी बाई आली तर?"

वकील हसले. जोतिबा हसले नाहीत. शकूसिस्टरांनी सही केली, कारण दुसरा उपाय नव्हता. पण त्या दिवसभर त्यांना आपल्याच सहीची भीती वाटत राहिली.

आता ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत चार खाटा आहेत आणि पंखा आहे. आठवड्यातून एकदा आरोग्य केंद्रातली नर्स येते. बाकीचे दिवस शकूसिस्टर बसतात. बाळंतपणं तिथं करायची परवानगी नाही. बाई अडली की गाडी बघायची आणि पलूसचा रस्ता धरायचा. जोतिबांना कुठली एजन्सी आता पहाऱ्याला ठेवत नाही. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ते तात्याबांची पिकअप घेऊन ओढ्यावरच्या रस्त्याच्या खड्ड्यांत मुरूम टाकायला जातात, सोबत येतील तेवढी माणसं घेऊन. तात्याबा गाडीचं भाडं घेत नाहीत. त्यांनी खाट परत दिली नाही आणि शकूसिस्टरांनीही मागितली नाही.

पूजाचं पोरगं आता चालायला लागलंय. ती त्याला डोस पाजायला घेऊन येते, तेव्हा काट्यात ठेवायच्या आधी शकूसिस्टर त्याला एकदा छातीशी धरतात आणि त्याचा श्वास ऐकतात. पूजा विचारते, "काय झालं, सिस्टर?"

"काय न्हाई," त्या म्हणतात. "चांगला चाललाय."